एकोणिसाव्या मिनिटाचा सुळका

कांबळे मॅडमनी माझ्याशी कधी घासाघीस केली नाही. तरीही त्यांच्याशी झालेल्या प्रत्येक व्यवहारात मीच हरलो. हे मी त्यांच्या तोंडावर बोललेलो आहे, त्यामुळे इथं लिहायला हरकत नाही.

मी प्रयोगशाळांना लागणारं सामान विकतो. बेळगावात कॅम्पाच्या कडेला दुकान आहे, कंग्राळीला गोदाम आहे. काचेच्या नळ्या, रसायनं, वायूचे सिलिंडर, आणि बंद पडलेल्या कारखान्यांतून उचललेली जुनी यंत्रं. शाळा नववीत सुटली, लग्न केलं नाही. निपाणीहून बेळगावला आलो तेव्हा याच दुकानात बाटल्या धूत होतो. पुढं दुकान माझं झालं, ते कुणाच्या मेहेरबानीनं झालेलं नाही. शिकलेली माणसं भाव करताना लाजतात हे मला फार लवकर कळलं होतं. त्यांच्या त्या लाजण्यावर माझं निम्मं घर उभं आहे.

डॉ. सुमित्रा कांबळे एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायच्या. त्यांना एक जुनं गॅस क्रोमॅटोग्राफ हवं होतं. माझ्याकडं एक पडून होतं, दारूच्या एका बंद कारखान्यातलं. त्याचं काम सांगायला सोपं आहे. एका केसासारख्या बारीक नळीतून वायूबरोबर नमुना सोडायचा. त्यात जे जे पदार्थ मिसळलेले असतील ते सुटे होऊन आपापल्या ठरलेल्या मिनिटाला नळीच्या दुसऱ्या टोकातून बाहेर पडतात, आणि पडद्यावरच्या सरळ रेषेला त्या त्या मिनिटाला एकेक सुळका येतो. कोणता पदार्थ आहे त्याचं नाव मात्र हे यंत्र सांगत नाही. तो कितव्या मिनिटाला आला एवढंच सांगतं.

मी माझ्या पद्धतीनं सुरुवात केली. आधी दुप्पट बोललो, मग स्वतःच कपाळाला हात लावून खाली येऊ लागलो. मॅडम ऐकत होत्या. बुटका बांधा, सुती साडी, दोरीला अडकवलेला चष्मा, आणि डोक्यावर कडब्यासारखे कोरडे केस. माझं बोलणं संपल्यावर म्हणाल्या, "रिकामं चालवून दाखवा."

"म्हणजे?"

"आत काही घालू नका. नुसता वायू सोडा."

सोडला. रेष सरळ यायला हवी होती. तिच्यावर चार टेंगळं आली. कारखाना बंद होऊन तीन वर्षं झाली होती, दारू अजून नळीत बसली होती.

"चौगुले," मॅडम म्हणाल्या, "मला यंत्र पाहिजे. कारखान्याच्या आठवणी नकोत. धुऊन आणा. रेष सरळ आली की बोलू."

अकरा दिवस मी आणि माझा मिस्त्री ते यंत्र धूत बसलो. रेष सरळ आल्यावर मॅडमनी एक आकडा सांगितला. मी अर्धा तास बोललो. त्या माझ्यासमोर बसून उत्तरपत्रिका तपासत राहिल्या. मी दमून थांबलो तेव्हा त्यांनी मान वर करून तोच आकडा पुन्हा सांगितला, आणि मी हो म्हणालो.

त्यानंतर सहा-सात वर्षं आमचं येणंजाणं राहिलं. त्यांच्या प्रयोगशाळेच्या दारात प्रत्येकाची हुंगून तपासणी व्हायची. "तंबाखू. चूळ भरून या." "मोगरा. खिडकीत ठेवा, जाताना घ्या." एकदा खुद्द प्राचार्य पाहुण्यांना घेऊन आले. त्यांनी अत्तर लावलं होतं. मॅडमनी सगळ्यांना काचेच्या बाहेर उभं केलं आणि आतून मोठ्यानं बोलत यंत्र समजावून सांगितलं. प्राचार्य म्हणाले, "मॅडम, आम्ही काय अस्पृश्य आहोत काय?" तशा त्या हसल्या आणि म्हणाल्या, "ते मला विचारू नका सर. आज फक्त अत्तराची अडचण आहे."

स्वतः त्यांनी केसांना तेल लावणं कधीच सोडलं होतं. निपाणीत त्यांची आई होती. ती म्हातारी जन्मभर तंबाखूच्या वखारीत पाला चाळायला गेली आणि संध्याकाळी घरी विड्या वळत बसली. एकदा मी मॅडमना गाडीतून निपाणीला सोडलं, तेव्हा दारातच मायलेकींचं ऐकलं.

"सुमे, डोस्क्याला त्याल लाव गं. रानातली बुजगावणी बरी."

"आई, माझ्या डोक्यातलं तेल यंत्रात उतरतं."

"मग त्या यंत्रालाच नवरा कर."

मॅडमच्या नाकाचा उगम मला तिथं कळला. वखारीतल्या बायका वासावरून पाल्याची जात सांगतात. ही त्यांची लेक.

त्या शोधत काय होत्या ते सांगायला हवं, कारण सगळं पुढचं त्यातच आहे. पार्किन्सन म्हणजे आपल्याकडचा कंपवात. हात थरथरू लागतो तेव्हा लोक डॉक्टरकडं जातात. पण तोपर्यंत रोग मेंदूत कित्येक वर्षं मुरलेला असतो. रक्त काढलं आणि रोग कळला असं होत नाही. डॉक्टर चालायला लावतात, बोटं हलवायला लावतात आणि अनुभवावरून सांगतात. म्हणून दोन डॉक्टरांची दोन मतं होतात. मॅडमचं म्हणणं होतं की कातडीतून जो तेलकटपणा सुटतो, विशेषतः पाठीवर मानेच्या खाली, त्यात या रोगाची रासायनिक खूण उतरत असणार. ती खूण एखाद्या ठरावीक मिनिटाला यंत्रात दिसली, तर पाठीवरून कापडाचा बोळा फिरवून रोग सांगता येईल. बाहेरच्या देशांत मोठमोठ्या यंत्रांवर लोक याच मागं होते. मॅडम माझ्या दारूच्या यंत्रावर होत्या.

मला आधी यात काही रस नव्हता. मग अण्णाचा उजवा हात थरथरू लागला.

अण्णा माझा थोरला भाऊ. आई-बाप गेल्यावर त्यानं मला वाढवलं. निपाणीतल्या एका वखारीत तो तंबाखूची प्रतवारी करायचा. पाला चिमटीत धरायचा, चुरडायचा, नाकाशी न्यायचा आणि एका शब्दात निकाल द्यायचा. त्याच्या शब्दावर खरेदी-विक्री व्हायची. चाळीस वर्षं त्या हातानं आणि नाकानं त्यानं मान कमावला होता. बेळगावातला एक डॉक्टर म्हणाला, वयाची थरथर आहे, काळजी करू नका. दुसरा म्हणाला, मला संशय येतो, वर्षभर बघू. "वास येतो का नीट?" असं त्यानं विचारलं, कारण या रोगात बऱ्याचदा आधी वास जातो. "येतो की," अण्णा म्हणाला. पण मला माहीत होतं, गेले दोन हंगाम तो घरी म्हणत होता, "ह्या वर्साच्या मालाला वासच न्हाय रं."

वर्षभर बघू! मी आयुष्यात कशाचीच वर्षभर वाट बघितलेली नाही.

मॅडमनी निपाणीत एका शाळेच्या हॉलमध्ये नमुने घ्यायचं ठरवलं. बेळगावातले मेंदूचे डॉक्टर आपले रोगी पाठवणार होते. त्याच वयाची धडधाकट माणसं गोळा करायचं काम मॅडमनी माझ्यावर टाकलं. "तुम्ही कुणालाही कशालाही तयार करता," त्या म्हणाल्या. तिसरा एक छोटा गट होता, ज्यांचं अजून ठरलेलं नाही अशांचा. त्यात दुसऱ्या डॉक्टरनं अण्णाचं नाव घातलं होतं.

नियम एकच होता. दोन दिवस साबण नाही, तेल नाही, मलम नाही. ज्या अंगानं झोपलात त्या अंगानं या. तो नियम कानडी आणि मराठीत मोठ्यानं वाचून दाखवण्याचं काम माझं होतं. दोन दिवस आधीच मी तो खणखणीत वाचला होता. नमुन्यांच्या दिवशी मॅडम दारात उभ्या राहून हुंगत होत्या, आणि माझ्यासमोर त्यांनी दोन म्हाताऱ्या बायकांना पावडरीच्या वासावरून परत पाठवलं.

आता माझी गोष्ट. त्या दिवशी पहाटे अण्णाचा खांदा धरला होता. सदऱ्याच्या बाहीत हात जाईना. वैनी म्हणाली, लावू का रोजचं? मी म्हटलं, आण. कोमट एरंडेल मीच त्याच्या मानेला, खांद्याला, पाठीला चोळलं, नंतर गरम पाण्यानं धुऊन काढलं, कोरडं पुसलं. एरंडेलाला वास असा नसतोच, आणि धुतल्यावर तर नाहीच. फॉर्मवर प्रश्न होता, अंगाला काही लावलं आहे का. अण्णाच्या वतीनं मी लिहिलं, नाही. खरं लिहिलं असतं तर अण्णा त्या दोन बायकांबरोबर बाहेर गेला असता.

प्रत्येक कुपीवर फक्त नंबर होता. कुणाचा कोणता ते मॅडमनाही माहीत नव्हतं; यादी डॉक्टरांकडं पाकिटात बंद. पण मी टेबलाजवळ उभा होतो आणि माझे डोळे बाजारात तयार झालेले आहेत. अण्णाची कुपी एक्केचाळीस.

महिन्याभरानं मी मॅडमकडं गेलो. "एक्केचाळीसचं काय निघालं?"

त्यांनी चष्मा काढला. "तुम्हाला नंबर कसा कळला?"

"कळला. काय निघालं?"

"चौगुले, हा निकाल नाही, शोध आहे. शोध खरा आहे की खोटा तेच अजून मला माहीत नाही. त्यातून एका माणसाचं भविष्य कसं सांगू?"

"वर्षभर सिलिंडर फुकट देतो."

"भावाच्या मेंदूचा सौदा करताय?"

"मग कशाचा करू? माझ्याकडं दुसरं काय हाय?"

"बसा, पाणी प्या," त्या म्हणाल्या. मी पाणी न पिता निघालो. त्या दिवसापासून माझ्या मनात गाठ बसली.

पुढच्या वेळी सिलिंडर पोचवायला मी स्वतः गेलो. मॅडम वर्गावर होत्या. टेबलावर नंबरांचा तक्ता पडला होता, काही नंबरांपुढं लाल खूण. एक्केचाळीसपुढं लाल खूण होती. तिचा अर्थ मला आठवड्यानं कळला, जेव्हा डॉक्टरांनी पाकीट फोडलं. जवळजवळ प्रत्येक रोग्याच्या नमुन्यात एकोणिसाव्या मिनिटाला एक सुळका होता, त्याचीच ती लाल खूण, आणि धडधाकट माणसांत तो जवळपास कुठंच नव्हता. कॉलेजात सभा झाली. प्राचार्य बोलले, पेपरात फोटो आला. मॅडम मात्र त्या सभेत एवढंच म्हणाल्या, "हा पदार्थ कोणता ते अजून कळलेलं नाही. मोठ्या प्रयोगशाळेत पाठवला आहे. तोपर्यंत टाळ्या वाजवू नका." लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मी सरळ निपाणी गाठली आणि अण्णाला सांगितलं. लपवणं माझ्या स्वभावात नाही. अण्णा ऐकून घेत पाटावर बसला होता. हात मांडीखाली दाबून धरलेला. म्हणाला, "म्हंजे ठरलं?"

"ठरलं."

दुसऱ्या दिवशी तो वखारीत गेला आणि मालकाला नमस्कार करून घरी आला. "लोकांनी हात बघायच्या आदी आपण उठावं," एवढंच बोलला. महिन्याभरात तो दहा वर्षांनी म्हातारा झाला. खायला बसला की वैनीकडं पाठ करायचा, घास सांडलेला दिसू नये म्हणून. आणि मी बेळगावात येरझाऱ्या घालत होतो. मला वाटायचं, निदान खरं काय ते तरी कळलं.

ही बातमी मॅडमना त्यांच्या आईकडून कळली. म्हातारी म्हणाली, "वखारीतलं अण्णा घरी बसलं की गं. तुझ्या तपासणीत निगालं म्हनं."

मॅडमचा फोन आला. इतकी वर्षं मी त्यांचा आवाज चढलेला ऐकला नव्हता. "कुणी सांगितलं त्यांना? कुणी? मी सांगितलं नाही, डॉक्टरांनी सांगितलं नाही!"

"मी सांगितलं. माझा भाऊ आहे."

त्यांनी फोन ठेवला आणि पहाटेच्या एसटीनं निपाणीला गेल्या. या तपासणीवरून काहीच ठरत नाही, हे त्यांना अण्णाला समोर बसून सांगायचं होतं. त्या दारात पोचल्या तेव्हा सकाळचे साडेसहा झाले होते, आणि वैनी अण्णाच्या पाठीला एरंडेल चोळत होती. पुढचं मला वैनीनं सांगितलं.

मॅडम उंबऱ्यातच थांबल्या. "हे रोज लावता?"

"व्हय की. आंग आखडतंय त्येंचं."

"आमच्याकडं आला होतात, त्या दिवशी?"

"त्या दिवशी बी लावलं हुतं. मी न्हाय, शिवानं."

शिवा म्हणजे मी. मॅडमनी चहा घेतला नाही. त्या तिथूनच दुसऱ्या रोग्याच्या घरी गेल्या, मग तिसऱ्या. तीन दिवस निपाणीत मुक्काम करून सकाळी सकाळी त्या एकेका दारात उभ्या राहिल्या. सगळीकडं तेच. आजारी माणसाचं अंग आखडतं, म्हणून तेल. तेल लावलं म्हणून ऊन पाणी. आणि मोठ्या डॉक्टरकडं न्यायचं त्या दिवशी तर जास्तच. एक सून त्यांना म्हणाली, "तसंच पारोसं कसं न्यायचं हो? लोक म्हनत्याली, सून बघत न्हाय." फॉर्मवर सगळ्यांनीच माझ्यासारखं लिहिलं होतं. आणि धडधाकट माणसं मी वखारीतून, रानातून तशीच उचलून आणली होती. धडधाकट माणसाच्या पाठीला दिवाळी सोडली तर कोण तेल लावतं?

चौथ्या दिवशी मला निरोप आला. अण्णाच्या घरातली एरंडेलाची बाटली घेऊन या. काय चाललंय ते मला एव्हाना वैनीकडून कळलं होतं. तरी गेलो. भांडायच्या तयारीनं गेलो.

प्रयोगशाळेत मॅडम आणि ते मेंदूचे डॉक्टर होते. मॅडमनी बाटली घेतली, माझ्याकडं बघितलं नाही. आधी रिकामं यंत्र चालवलं. रेष सरळ. मग बाटलीतल्या तेलाचा एक थेंब, बाकीच्या नमुन्यांसारखाच तयार करून, आत सोडला. तिघंही पडद्यासमोर बसलो. दहा मिनिटं गेली. डॉक्टर म्हणाले, "मॅडम, मोठ्या लॅबचं उत्तर येईलच. घाई कशाला?" पंधरा. सतरा. मॅडमनी टेबलाची कड दोन्ही हातांनी धरली होती. मी मनात म्हणत होतो, येऊ दे. सुळका आला तर तो रोगाचा नव्हता, तेलाचा होता, अण्णा सुटला. आणि बाजूला बसलेल्या बाईची सगळी मेहनत त्याच एका रेषेवर होती, हे मला कळत होतं. तरी मी म्हणत होतो, येऊ दे.

एकोणिसाव्या मिनिटाला रेष उठली आणि पडद्याच्या वर निघून गेली.

मॅडम म्हणाल्या, "एरंडेल. सुनांनी, पोरांनी प्रेमानं लावलेलं एरंडेल मी इतके महिने मोजत होते."

"मग अण्णाला न्हाय!" मी उभा राहिलो. "न्हाय ना?"

"असं मी म्हटलं नाही."

"म्हंजे?"

"म्हणजे त्यांच्याबद्दल मला काही माहीत नाही. आधीही नव्हतं."

माझं डोकं फिरलं. दोन महिने माझा भाऊ भिंतीकडं तोंड करून जेवत होता, आणि ही बाई मला ना हो म्हणत होती ना नाही. मी ओरडलो. काय काय बोललो ते सगळं आठवत नाही, एक आठवतं. "तुमची आई आमच्या अण्णाच्या हाताखाली पाला चाळत हुती! इसरू नका!"

डॉक्टर उठले. मॅडमनी त्यांना हातानं बसवलं.

"होती," त्या शांतपणे म्हणाल्या. "मजुरीच्या दिवशी अण्णांनी कधी काटा मारला नाही, म्हणून ती अजून त्यांचं नाव घेते. तुमचं नाव तिला माहीत नाही, चौगुले."

मी तसाच बाहेर पडलो.

डॉक्टरांचं आणि प्राचार्यांचं म्हणणं होतं की गाजावाजा न करता हे प्रकरण मिटवावं. पेपरात फोटो आलेला आहे, पुढचा निधी अडेल. मॅडमनी ऐकलं नाही. त्याच सभागृहात, त्याच माईकवरून त्यांनी सगळं सांगितलं. सुळका तेलाचा आहे, शोध चुकला, चूक माझी. घरातल्या माणसांनी काय केलं ते मी घरात जाऊन बघायला हवं होतं, फॉर्मवर विश्वासले. एवढ्यावर थांबल्या असत्या तर ठीक होतं. पण कुणीतरी विचारलं, नियम नीट समजावला नव्हता का? तेव्हा म्हणाल्या, "समजावला होता. ज्यांनी तो वाचून दाखवला, त्यांनीच पहिल्यांदा मोडला."

नाव घेतलं नाही. घ्यायची गरजच नव्हती, हॉलमधल्या निम्म्या लोकांनी माझ्याकडून बाटल्या घेतलेल्या आहेत. आठवड्यात बेळगावच्या बाजारात मी 'एरंडेल शेठ' झालो. अजून कॉलेजांतले शिपाई मागून हाक मारतात. मी मॅडमना फोन करून विचारलं, हे सांगायची काय गरज होती? म्हणाल्या, "खोटं होतं का?" खोटं नव्हतं. पण सगळं खरं माईकवरून बोलायचं असतं काय? याचा राग माझ्या मनात आजही आहे, आणि तो सोडायचा माझा विचार नाही.

अण्णाला मी पुन्हा जाऊन सांगितलं, की जे सांगितलं होतं ते ठरलेलं नाही. माझ्या आयुष्यात एवढी लाज मला कशाचीच वाटलेली नाही. तो म्हणाला, "म्हंजे इतकं दिस मी उगाच मेलतो व्हय रं?" आणि वखारीत गेला. मालकानं दुसरा माणूस ठेवला होता; तरी सकाळपुरतं अण्णाला बसायला सांगितलं. हात थरथरतोच. डॉक्टर म्हणतात, बघू.

मॅडमचा निधी अडला, तो अडलाच. त्यांनी रजा टाकली आणि पहिल्या नंबरापासून पुन्हा सुरुवात केली, या वेळी घरोघरी, स्वतः. दोन दिवस आधी घरात सांगून जायचं, आणि ठरल्या सकाळी आंघोळीच्या आधी दारात हजर. यंदाच्या उन्हाळ्यात अण्णाची पाळी आली. अण्णानं मला दोन दिवस आधीच बोलावून घेतलं, आणि त्याच्याबरोबर मीही पारोसाच होतो. मी मॅडमशी बोलणार नव्हतो.

त्या बर्फाची पेटी घेऊन सहाला आल्या. दोन दिवस तेल नसल्यानं अण्णाचा खांदा लाकडासारखा झाला होता. त्यांनी त्याच्या पाठीवरून बोळा फिरवला, कुपीत टाकला, बूच लावलं. मग माझ्याकडं वळल्या.

"सदरा काढा."

"मी कशाला?"

"धडधाकट माणसं कमी पडतात. आणि तुमच्या पाठीला तेल असायची भीती नाही. तुम्हाला कोण लावणार?"

वैनी पदराआड हसली. मी सदरा काढला. दुसऱ्या कुपीवर दुसरा नंबर पडला. या वेळी मी तो बघितला नाही.

सामान भरून त्या उठल्या तेव्हा अण्णा म्हणाला, "बाई, येक इचारू?"

"विचारा की, अण्णा."

"मला त्यो रोग हाय, का न्हाय?"

इतका गंडला आहे हा माणूस, आता तरी काहीतरी बरं बोलतील, असं मला वाटलं. मॅडम त्याच्यासमोर खाली बसल्या.

"माहीत नाही, अण्णा."

अण्णानं मान हलवली. "बरं झालं. ह्या गल्लीत समद्यांस्नी म्हाईत हाय. म्हाईत नसल्यालं येक तरी मानूस घावलं."

मॅडम हसल्या. मी त्यांना असं हसताना कधी पाहिलं नव्हतं. "पुढच्या वर्षी परत येईन. येऊ?"

"या की. मी हितंच हाय."

पेटी उचलून त्या बाहेर पडल्या. मी दारात उभा राहिलो, निरोप द्यायला नव्हे, सहज. चार घरं सोडून पलीकडं त्यांचा पुढचा नंबर होता. तिथल्या परसातून चुलीचा धूर वर चढत होता. पडक्या कुडावरून इथवर दिसलं, सुनेनं सासऱ्याला दगडावर बसवलेलं, बादलीतून वाफा येत होत्या, आणि तिनं पहिला तांब्या भरून उचलला होता. मॅडमनी ते बघितलं आणि पळत सुटल्या. एक चप्पल मागं राहिली.

"ए बाई, थांब! वतू नगंस पानी! आगं थांब गं, वतू नगंस!"

सून तांब्या तसाच वर धरून उभी राहिली.